रिकाम्या फळीवरची रेघ

३ तारीख, बुधवार

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं आणि मी आधी जाऊन हात धुऊन आलो. हसू नकोस. नुकताच कामावरून आलो होतो आणि हातांना उंदरांचा वास होता. तो तुला सहन होत नाही हे इतक्या वर्षांनीही डोक्यात आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे. केस मागे मागे सरकत चाललेत, पण त्यांची तक्रार करायला घरात दुसरं कोणी नाही. भावोजींच्या पाठीचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस.

ढब्बूचा फोटो पाहिला. आठ वर्षांचा घोडा झाला की. मी पाहिला तेव्हा दुपट्यात गुंडाळलेला होता आणि माझ्याकडे बघून भोकाड पसरलं होतं त्याने. पुढचे दोन दात पडलेत, ते आता तुझ्यासारखे वाकडे येणार, लिहून ठेव.

तू विचारलंस, अजून तेच करतोस का. हो बाई, अजून तेच. प्रयोगशाळेच्या प्राणीघरात पांढरे उंदीर व्यायले की पिल्लांना दुसऱ्या दिवसापासून महिन्याची होईपर्यंत रोज माझ्यापुढे आणायचं आणि मी त्यांच्या काळजाची रेघ काढून मोजायची. नवजात पिल्लू म्हणजे बोटाच्या पेराएवढा गुलाबी गोळा, डोळे मिटलेले, कातडीतून पोटातलं दूध दिसतं. मिनिटाला तीनशेच्या आसपास ठोके. तुला ऐकून भोवळ येईल, पण उंदराच्या मानाने हे रमतगमत चालणं झालं. तीन आठवड्यांत तेच काळीज साडेचारशेवर जातं. माणसाचं उलटं. आपलं मूल वाढतं तसं काळीज सावकाश होत जातं.

रेघेत प्रत्येक ठोक्यामागे एक छोटा उंचवटा येतो. काळीज पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार झालं, असा त्याचा अर्थ. नवजात पिल्लात तो उंचवटा फार उशिरा येतो. पिल्लू वाढतं तसा तो ठोक्याच्या जवळ सरकतो, आणि इतक्या नेमाने सरकतो की नुसत्या रेघेवरून मी पिल्लाचं वय सांगतो. आमच्या मॅडम पाहुणे आले की मला बोलावून तेवढंच करून दाखवायला लावतात.

खोलीचे दिवे आम्ही उलटे लावलेत. उंदीर अंधारात जागे असतात, तेव्हा आपल्या दिवसा त्यांना अंधार हवा. सकाळी आठला दिवे विझतात. भर दुपारी दोन वाजता मी लाल बल्बखाली बसलेला असतो, आणि बाहेर कडक ऊन. नवीन माणूस दाराशी घुटमळतो. मला सवय आहे.

गेल्या महिन्यात नवं यंत्र आलं. पूर्वी पिल्लांना इवले चिमटे लावावे लागायचे. आता लहान पुस्तकाएवढी फळी आहे, तिच्या डाव्या-उजव्या बाजूला धातूच्या चकत्या. पिल्लू अलगद ठेवायचं, पंजे टेकले की पडद्यावर रेघ. छान आहे, फक्त जरा खट्याळ निघालं. सोमवारी शेवटचं पिल्लू उचलून पिंजऱ्यात ठेवलं, रेघ सपाट व्हायला हवी होती, तर फळीवर कोणी नसताना पाच-सहा ठोके उमटले. अगदी संथ. मग सपाट. वायरमन आला, अर्थिंग बघायला लागेल म्हणाला, चहा प्यायला आणि गेला.

तू शेवटच्या चार ओळींत लिहिलंस ते मी आतापर्यंत टाळत होतो. ढब्बू सोमवारी पंधरा तारखेपासून पोहायला जाणार. दहा वर्षं घरात पाण्याचं नाव काढायचं नाही हे आता पुरे, हे भावोजींचं म्हणणं मला समजतं. तू स्वतः काठावर बसणार आणि पापणीही हलवणार नाहीस असं लिहिलंस, तिथे मी पत्र घडी करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं.

एक सुचवतो. पुढच्या वर्षी घाल. पाणी कुठे पळून जातंय. जरा अंगाने भरू दे त्याला.

भावोजींना नमस्कार, ढब्बूला गालगुच्चा.

तुझा भाऊ


९ तारीख, मंगळवार

प्रिय ताई,

सा. न.

तुझं पत्र काल आलं. रागावलीस. “तुलाही हेच वाटतं ना, की मी पाण्याजवळ उभी राहायच्या लायकीची नाही,” असं तू लिहिलंस. ताई, मला असं कधीच वाटलं नाही. हे मी दहा वर्षांपूर्वी तोंडाने म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही, त्याला कारण होतं. ते कारण या पत्रात लिहायचं ठरवून बसलोय. बघू जमतं का.

आधी दुसरंच सांगतो, कारण ते मला कोणालातरी सांगायलाच हवं.

ती रिकाम्या फळीवरची रेघ परत आली. आठवड्यात चार वेळा. दर वेळी शेवटचं पिल्लू उचललं की. मी हातमोजे काढतो, वही पुढे ओढतो आणि पडद्यावर काहीतरी हलतं. वायरमनने तारा बदलल्या. मी फळी स्पिरिटने दोनदा पुसली. तरी येते. उठून जवळ जाऊन बघायला गेलो की थांबते, आणि मी परत टेबलाशी टेकून बसलो की थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते.

पहिल्यांदा मी घड्याळ लावून मोजले तेव्हा मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोके भरले. उंदराचं काळीज चौऱ्याऐंशीवर आलं तर तो उंदीर मेलेला असतो. हे ठोके माणसाचे आहेत. यंत्राचा कागद उंदरांच्या वेगाने पळतो, त्यामुळे ते ताणून लांबच लांब झाले होते. म्हणून मी कागदाचा वेग माणसांचा लावला आणि छापून घेतले.

ताई, ती रेघ मी ओळखली.

तुला आठवतं, आपल्या भिंगरीला सुट्टी होती आणि तू तिला एक दिवस माझ्याकडे सोडून गेली होतीस. सात वर्षांची होती. सगळं प्राणीघर डोक्यावर घेतलं होतं तिने. पिल्लांची रेघ बघून म्हणाली, “उंदीरमामा, माझी पण काढ.” मी तिच्या मनगटांना जुने चिमटे लावले आणि काढली. आयुष्यात पहिल्यांदा ती अर्धं मिनिट गप्प बसली असेल. मग तिने विचारलं, “आता रेघ बघून सांग, मी केवढी आहे?”

तेव्हा मी काय उत्तर दिलं ते पुढे लिहीन.

तो कागद माझ्याकडे आहे. कपाटात, आईच्या चष्म्याच्या डबीखाली. शुक्रवारी तो कामावर नेला आणि दोन्ही कागद लाल बल्बखाली शेजारी ठेवले. या कागदावर लाल चौकोन छापलेले असतात, मोजायला. लाल उजेडात ते चौकोन नाहीसे होतात. कागद पांढरा दिसतच नाही, नुसती काळी रेघ उरते. मी एक कागद दुसऱ्यावर ठेवून बल्बसमोर धरला. एकाचा ठोका दुसऱ्याच्या ठोक्यावर आणला, तर मागचा उंचवटाही बरोबर उंचवट्यावर आला. तितकाच उशिरा. टोकाला तीच किंचित खाच. वीस वर्षं मी रेघा बघतोय ताई, कोणाचं अक्षर ओळखावं तशी ही ओळखू येते.

मी काही देवभोळा माणूस नाही, तुला माहीत आहे. पण काल ती पुन्हा सुरू झाली तेव्हा मी स्पीकर लावला. ठक, ठक, ठक, अगदी निवांत. पिंजऱ्यांतली खुडबूड थांबली होती, का ते मला सांगता येणार नाही. मी हळूच म्हणालो, “भिंगरे, तू आहेस का?”

ठोके वाढले. एकदम. चौऱ्याऐंशीचे एकशेदहा झाले. मी तुला जसं झालं तसं सांगतोय. “रागावलीस का माझ्यावर?” असं विचारलं तर आणखी वाढले. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता आणि मी जागचा हललो नाही, हललो की ती थांबेल म्हणून.

तेवढ्यात झाडणाऱ्या मावशी दार ढकलून आल्या. “साहेब, कोणाशी बोलताय?” मी दचकून उभा राहिलो आणि रेघ सपाट झाली. पिल्लांशी म्हणालो.

आज इथेच थांबतो. जे लिहायचं होतं ते राहिलंच. ढब्बूला अजून पाण्यात घालू नकोस एवढंच म्हणतो. कारण विचारू नकोस म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणतो.

तुझा
भाऊ


११ तारीख, गुरुवार

ताई,

आज सकाळी मी तुमच्या घरी फोन केला होता. आधी तू उचललास. तुझं “हॅलो” ऐकलं आणि मी ठेवून दिला. दहा मिनिटांनी भावोजींच्या मोबाइलवर केला. त्यांना एवढंच सांगितलं, की हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांनी ढब्बूचा ईसीजी पाहिल्याशिवाय त्याला पाण्यात सोडायचं नाही, पळण्याच्या शर्यतीत घालायचं नाही, आणि कारण ताईला पत्रात लिहितोय. ते म्हणाले, “तू बरा आहेस ना?” मी बरा आहे. हे पत्र कुरिअरने टाकतोय, परवा हातात पडेल. बसून वाच.

फळीचा उलगडा काल झाला. मावशी झाडायला आल्या तेव्हा ती रेघ सुरूच होती. मी म्हणालो, “मावशी, तुम्हीही बघा, म्हणजे मला वेड लागलं नाही हे तरी कळेल.” त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडेच बघत राहिल्या.

“साहेब, हात काढा बघू तिथून.”

मी हात उचलले. रेघ सपाट.

“आता ठेवा.”

ठेवले. ठक, ठक, ठक.

“तुमचंच आहे की हो हे,” त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

शेवटचं पिल्लू गेलं की मी हातमोजे काढतो आणि दमून दोन्ही हात फळीच्या दोन बाजूंना टेकवून बसतो. स्पिरिटने ओले असतात हात. डावा एका चकतीवर, उजवा दुसऱ्या चकतीवर. मी भिंगरीला हाक मारली आणि ठोके वाढले, ते माझे वाढले. वीस वर्षांचा अनुभव, आणि हे मला झाडू मारणाऱ्या बाईने दाखवावं लागलं. मावशींनी मग गंमत म्हणून आपले हात ठेवले. त्यांचा उंचवटा ठोक्याच्या पाठोपाठ, जिथे असायला हवा तिथे. “माझं बरं दिसतं की तुमच्यापेक्षा,” म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या.

खरं सांगतो, मला आधी रडू आलं. आठ दिवस मला वाटत होतं की ती येऊन बसते माझ्याकडे. ती तिथे नव्हतीच.

नंतर मी पुन्हा हात ठेवले आणि बघत बसलो. ती तिची रेघ होती. माझ्या छातीत होती. तिच्याबरोबर गेलेली नाही ती. तिच्या जन्माआधीपासून आपल्या घरात आहे. बाबा एक्केचाळीसाव्या वर्षी जिन्यात कोसळले. कधी छातीत दुखलं नव्हतं त्यांच्या. तू शाळेत पळताना दोनदा मैदानात पडली होतीस. आई म्हणायची, उपाशी गेली असेल. माझ्या वाटेला आली ती नुसती बसून आहे, का ते डॉक्टरच जाणे. ढब्बूमध्ये आहे की नाही हे मला माहीत नाही. नसेलही. पण असली तर जोरात पोहताना तिला हवी ती वेळ मिळते, आणि काळीज थांबतं. ओरडायलाही सवड मिळत नाही. भिंगरी गेली तेव्हा पोहायला शिकवणारे काय म्हणाले होते आठव. “हात मारता मारता थांबली, पाणीसुद्धा उडालं नाही.” आपण सगळे म्हणालो, पायात गोळा आला असेल.

आता ते उत्तर.

भिंगरीने विचारलं, मी केवढी आहे. मी तिची रेघ पाहिली. उंचवटा फार उशिरा येत होता. मी तो पट्टी लावून मोजला, ताई. नजरचूक नव्हती. त्या वर्षी मी शेकडो पिल्लं मोजली होती आणि माझ्या डोक्यात एकच नियम पक्का बसला होता, की लहानपणी तो लांब असतो आणि वाढीबरोबर आखडतो. मी हसून म्हणालो, “रेघेवरून तू अजून पिल्लूच आहेस. मोठी झालीस की आपोआप नीट होईल.” तिला ते इतकं आवडलं की दिवसभर ‘मी पिल्लू, मी पिल्लू’ करत गिरक्या घेत होती. मी कागदावर तिचं नाव आणि तारीख लिहून तो ठेवून दिला. तुला सांगितलं नाही. मॅडमना दाखवला नाही.

ती गेल्यावर तेराव्या दिवशी मी तो मॅडमपुढे ठेवला, नाव दुमडून. त्यांनी भिंग लावून पाहिला. “कोणाचा आहे? वय किती?” सात, म्हणालो. त्या म्हणाल्या, “ताबडतोब डॉक्टरांकडे पाठव. माणसाच्या मुलात हे वाढीने आखडत नाही. याला औषध आहे, पण आधी सांभाळावं लागतं.” मी हो म्हणालो आणि कागद खिशात घातला.

उंदरांचा नियम मी आपल्या मुलीला लावला. एवढंच झालं. दुसरं कोणी हे केलं नसतं, कारण दुसऱ्या कोणाला तो नियम माहीतच नव्हता.

पुढचं लिहायला त्याहून जड जातंय. त्या दिवसांत तुमच्या घरी माणसं येत होती, आणि प्रत्येकाला तू तेच सांगत होतीस, की मी पिशवीतला टॉवेल काढायला वळले, दोन मिनिटं माझी पाठ होती. भावोजी एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, “दोन मिनिटं लक्ष ठेवता आलं नाही तुला.” तू मान खाली घातलीस. मी तिथेच होतो. माझ्या हातात चहाचा ट्रे होता आणि शर्टाच्या खिशात तो कागद. मी चहा दिला सगळ्यांना. तुलाही दिला. मला भीती वाटली ताई. तू माझं तोंड पाहणार नाहीस अशी भीती वाटली, आणि मग मीच तुला तोंड दाखवायचं बंद केलं. दहा वर्षं तू ते अंगावर घेऊन फिरलीस आणि मी फिरू दिलं.

सोबत दोन्ही कागद आहेत. तिचा आणि माझा. दोन्ही घेऊन, हे हातात पडेल त्याच दिवशी, डॉक्टरांकडे जा. ढब्बूचा काढून घे. तुझाही काढून घे. आमच्याकडे अशी रेघ आहे आणि एक मूल गेलं आहे, असं स्पष्ट सांग, नाहीतर लहान आहे म्हणून सोडून देतील. हे पत्र भावोजींना वाचायला दे. त्यांनी वाचायलाच हवं.

रविवारी सकाळच्या गाडीने मी येतोय. तू दार उघडलं नाहीस तरी चालेल, मी खाली थांबेन. भावोजींना जे बोलायचं असेल ते मला बोलू दे, या वेळी माझ्या हातात ट्रे नसेल.

तू वळली नसतीस, डोळ्यांत तेल घालून बघत राहिली असतीस, तरी ती वाचली नसती. तिला वाचवायचं ते त्याआधीच, आणि ते तुझ्या हातात कधीच नव्हतं. तुझी पाठ दोन मिनिटं होती. माझ्याकडे तो कागद दोन वर्षं होता.

तिचा मामा